बुटाच्या जिभेवरचे नाव

यंदा दसऱ्याच्या आदल्या रविवारी आमच्या घरी बुटांच्या एका जोडीवरून लहानसे महाभारत घडले. आमची कन्या नववीत आहे आणि मुलुंडमध्ये रोज संध्याकाळी बास्केटबॉल खेळायला जाते. दिवाळीला कपडे नकोत, बूट हवेत, असा धोशा तिने गणपतीपासूनच लावला होता. अखेर तिचे साठवलेले पैसे आणि माझ्या खिशातून काढलेली भर एकत्र झाली व एक खोके घरात आले. देवाचे वस्त्र उचलावे तशा हलक्या हाताने तिने आतला पातळ कागद बाजूला सारला. निघाला तो पांढऱ्या कॅनव्हासचा, घोट्यापर्यंत चढणारा, रबरी तळाचा जोड. घोट्याच्या आतल्या बाजूला गोल चकती, चकतीत निळा तारा आणि ताऱ्यावर कुणाची तरी सही.

आमच्या मातोश्री पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरला, बूट निरखले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर पी. टी. चे बूट! तुझ्या बाबाला शाळेत असलेच तर घ्यायचो. शंभराच्या नोटेत यायचे आणि वर सुटे परत मिळायचे."

"आजी, हे कॉन्व्हर्स आहेत!"

"असतील. पण मळले की काय करणार? खडूच लावायचा ना?"

कन्या फणकाऱ्याने आत गेली. मातोश्री पुन्हा वातींकडे वळल्या. मी मात्र तो बूट हातात घेऊन बराच वेळ बसलो. दोघींचेही म्हणणे खरे होते. हा जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध बास्केटबॉलचा बूट, हे खरे. आणि हा आमच्या पी. टी. च्या बुटाचा सख्खा चुलतभाऊ, हेही खरे. मग एकाला पाहून नात हरखते आणि दुसऱ्याची आठवण होताच आजीला खडू आठवतो, हा फरक आला कुठून? त्या सहीवर बोट फिरवताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायचीच आहे. पण आधी या बुटाची कुळकथा सांगतो.

पावसाळी बुटांच्या कारखान्यातून

या बुटाचा मूळपुरुष शोधायचा तर खेळाच्या मैदानावर जाऊन भागत नाही, चुलीपाशी जावे लागते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. रबरात गंधक मिसळून ते तापवले तर हे दोन्ही दोष जातात, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला १८३९ साली उमगले. १८४४ साली त्याने पेटंट घेतले, तरी बिचारा कर्जबाजारी होऊनच १८६० साली वारला. पण त्याने पकवलेल्या रबराने माणसाच्या पायांचे नशीब पालटले. कापडाला रबराचा तळ लावून अख्खा बूट भट्टीत तापवला की दोन्ही एकजीव होतात. खिळा नको, चामडे नको.

इंग्लंडात अशा कापडी बुटांना 'प्लिमसोल' म्हणू लागले. गलबतात किती माल भरावा याची मर्यादा दाखवणारी रेघ जहाजाच्या अंगावर काढलीच पाहिजे, असा आग्रह धरणारे सॅम्युएल प्लिमसोल हे पार्लमेंटचे सभासद होते. कापड आणि तळ यांच्या सांध्यावर रबराची जी पट्टी फिरते, तिला पाहून लोकांना ती रेघ आठवली. पाणी पट्टीच्या वर आले की पाय भिजलाच! मुंबईकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत त्याच बुटांना 'स्नीकर' म्हणजे चोरपावलांनी चालणारा म्हणतात, कारण रबराचा तळ वाजत नाही. आणि खुद्द 'कॅनव्हास' हा शब्द भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला आहे. जुने कॅनव्हास त्या झाडाच्या धाग्यांचे असे. ही व्युत्पत्ती मी मातोश्रींना अद्याप सांगितलेली नाही.

१९०८ साली मार्क्विस कॉन्व्हर्स या गृहस्थाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात माल्डेन येथे रबरी बुटांचा कारखाना काढला. तिथे होत ते थंडीपावसाचे बूट, म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये दुकानाबाहेर टांगलेले दिसतात त्यांच्या जातीचे. हंगामी मालाचे दुखणे असे की हंगाम सरला की कामगारांच्या हातांना काम नसते. म्हणून कारखाना वर्षभर चालवण्यासाठी कापडी खेळाचे बूट सुरू झाले आणि १९१७ साली त्यांतून 'ऑल स्टार' निघाला. थोडक्यात, ज्या बुटाला आज दंतकथेचे तेज आले आहे, तो रिकाम्या हातांना काम पुरवण्याच्या खटपटीतून जन्मलेला आहे.

एका विक्रेत्याची सही

बास्केटबॉल हा खेळही असाच निकडीतून जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे प्रश्न पडला, की बर्फाच्या दिवसांत दांडग्या पोरांना चार भिंतींच्या आत गुंतवायचे कसे? त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या मागवल्या आणि सज्जाच्या कठड्याला दोन बाजूंना ठोकल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवरच असते. खेळाचे नियम तेरा, ते त्यानेच लिहिले. लाकडी जमिनीवर धावायचे, एकदम थांबायचे, उडी मारायची, वळायचे! अशा वेळी तळ घसरता कामा नये. रबरी तळाच्या बुटाला आपले मैदान सापडले ते असे.

आता त्या सहीविषयी. ती चक टेलर याची. कुणाला वाटेल, हा मोठा नामांकित खेळाडू असेल. तसे नाही. इंडियाना राज्यात शाळेच्या संघातून खेळलेला हा तरुण १९२१ साली कॉन्व्हर्सकडे नोकरी मागायला गेला आणि विक्रेता झाला. मोटारीत बूट भरायचे आणि गावोगाव हिंडायचे. शाळेच्या व्यायामशाळेत पोरे गोळा करून त्यांना चेंडू टाकायला, झेलायला शिकवायचे. मग गावातल्या दुकानदाराकडून मागणी नोंदवून पुढच्या गावी जायचे. त्याने असे आयुष्य काढले. १९३० नंतरच्या दशकात कंपनीने त्याची सही घोट्याच्या चकतीवर घातली. प्रत्येक जोडीमागे त्याला काही हिस्सा मिळे असेही नाही. तो पगारी माणूस होता. १९६९ साली तो वारला. त्याचे नाव कोट्यवधी लोकांच्या पायांत फिरले आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कोण, हे ठाऊक नव्हते.

मास्तरकी केल्यामुळे असेल, मला या माणसाविषयी आपुलकी वाटते. फिरतीच्या नोकरीतला एक साधा विक्रेता. पण माल विकण्याआधी तो खेळ शिकवीत असे.

१९३६

या बुटाच्या कथेत १९३६ साल मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच आला. यजमानांनी सामने टेनिसच्या मातीच्या मैदानांवर, उघड्यावर ठेवले. अमेरिका आणि कॅनडा यांच्या अंतिम सामन्याला नेमका मुसळधार पाऊस. चेंडू आपटला तरी वर येईना, चिखलात रुतून बसे. अखेर अमेरिका १९–८ अशी जिंकली; गुण पाहूनच चिखल किती होता ते कळावे. अमेरिकन खेळाडूंच्या पायांत पांढरे ऑल स्टार होते आणि पदके द्यायला टोपल्या ठोकणारे म्हातारे नेस्मिथ स्वतः हजर होते.

त्याच वर्षी आपल्या देशात दुसराच एक कापडी बूट बाजारात आला. चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन गावच्या चांभारकाम करणाऱ्या घराण्यातले टोमास बाटा यांनी भावंडांसह १८९४ साली धंदा सुरू केला होता. चामडे महाग, म्हणून त्यांनी कापडाचे स्वस्त बूट काढले आणि त्यांवरच घराण्याचा जम बसला. १९३१ साली कंपनी हिंदुस्थानात आली. कलकत्त्याजवळ कोन्नगर येथे आरंभ करून १९३४ साली तिने बाटानगरची पायाभरणी केली, आणि १९३६ साली तिथून 'बाटा टेनिस' निघाला. नाव टेनिसचे, पण घातला तो शाळकरी मुलांनी कवायतीच्या तासाला. पांढरे कापड, पांढरा रबरी तळ, पाच-सहा भोके, एक नाडी. बाटा ही परदेशी कंपनी आहे हे आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना मोठेपणी कळले, इतके ते नाव घरचे झाले होते.

आणि तिसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या गजबजलेल्या वस्तीत 'नेबरहूड हाउस' नावाचे केंद्र चालवीत. १९३६ सालीच मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. तीच संस्था पुढे आमच्या उपनगरात, देवनारला आली. नागपाड्याची ती वस्ती पुढे मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेरघर ठरली. मस्तान तलावाच्या मैदानावरून एकामागून एक खेळाडू देशाच्या संघात गेले. भारताचे कर्णधार आणि १९७० सालचे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर हे त्याच नागपाड्याचे. चिंचोळ्या गल्ल्या, एवढेसे मैदान. पण बास्केटबॉलला लागते तरी किती जागा?

खेळ नव्हे, रांग

तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांच्या पायांत हा बूट आला तो खेळातून नव्हे. आमचे खेळ सारे अनवाणी. कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या, लंगडी, कुस्ती या सर्वांत मातीला पाय लागलाच पाहिजे. मॅटवरच्या कबड्डीत बूट आले ते फार उशिरा. अमेरिकेतल्या पोराला हा बूट धावायला मिळाला. आम्हाला तो मिळाला रांगेत उभे राहायला. शनिवारचा पांढरा गणवेश आणि त्याखाली पांढरे बूट. सावधान, विश्राम, दाहिने मुड!

मुंबईच्या उपनगरांत हे बूट मिळत नसत असे स्टेशन नव्हते. बाटा होतीच, शिवाय करोना कंपनीची दुकाने होती. तिचा कारखाना आमच्याच बाजूला जोगेश्वरीला होता. आता दुकानेही गेली आणि त्या नावाचा अर्थही २०२० नंतर बदलला. वर्ष सुरू होताना आई एक माप मोठे बूट घेई आणि पुढच्या टोकाला कापसाचा बोळा भरी. दुसऱ्या वर्षी बोळा निघे. तिसऱ्या वर्षी अंगठा बाहेर निघे. शुक्रवारी रात्री बूट धुवायचे, ओले असतानाच खडू फिरवायचा आणि पंख्याखाली उपडे ठेवायचे. पावसाळ्यात ते वाळत नसत. मग सकाळी तसेच ओले बूट चढवायचे, आणि दोन पावले टाकली की खडूच्या पाण्याचे पांढरे ठसे फरशीवर उमटायचे.

बूट फाटला की स्टेशनबाहेरच्या गटई कामगाराकडे. रबरात खिळा धरत नाही, म्हणून तो मेण लावलेल्या दोऱ्याने शिवी, आणि टाका कुठल्या रंगाचा पडेल हे त्याच्या रिळावर असे.

आमच्या पणजीच्या सोवळ्यात चामड्याच्या वहाणेला उंबऱ्याआड जागा नव्हती, पण या बुटांना, "त्यात चामडं कुठं आहे?" म्हणून तिने सूट दिली होती, असे आई सांगते. लहानपणी मला ही मोठी उदार गोष्ट वाटे. चामड्याबरोबर ते कमावणाऱ्या हातांनाही उंबऱ्याबाहेर ठेवणारा विचार त्या सवलतीमागे होता, हे फार उशिरा समजले.

आता ती गोष्ट.

१९९१ सालची. मी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत सहावीत होतो. माझ्या बाकावर बसणारा मित्र डोंगरावरच्या वस्तीत राही. त्याचे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. नंतर मिळेल ते काम करीत. मित्र वर्गात सर्वांत चपळ. लंगडीत त्याला कुणी धरू शकत नसे. पण शनिवारी तो अनवाणी येई आणि कवायतीचे सर त्याला रांगेबाहेर, नळापाशी उभे करीत. सर मनाने वाईट नव्हते; नियम तसा होता. पण पुढे त्यांनाच ते बघवेना. त्यांनी खोलीत एक पोते ठेवले आणि सांगितले, ज्यांना बूट लहान झाले असतील त्यांनी ते फेकू नयेत, इथे टाकावेत.

मीही माझे टाकले. डाव्या बुटाच्या करंगळीपाशी गटई कामगाराने निळ्या दोऱ्याने मारलेले चार टाके होते, आणि आत, जिभेवर, आईने बॉलपेनने लिहिलेले माझे नाव होते. बूट हरवू नयेत म्हणून सगळ्यांच्याच आया असे लिहीत.

त्या पुढल्या शनिवारी मित्र पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. ताठ, मान वर. मी त्याच्या मागेच होतो. माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले, निळे टाके दिसले आणि मी मोठ्याने ओरडलो, "अरे, हे माझे बूट!"

माझ्या मनात वाईट काही नव्हते. ओळखीची वस्तू दिसली याचा आनंदच झाला होता. पण सारी रांग वळून त्याच्या पायांकडे पाहू लागली. कुणी तरी हसले. त्याने खाली पाहिले, काही बोलला नाही. कवायत पुरी केली. सोमवारी बूट पोत्यात परत आले होते. शनिवारी तो पुन्हा अनवाणी नळापाशी उभा होता. या वेळी सरांनी सांगण्याच्या आधीच.

सरांनी मला रागे भरले नाही. मधल्या सुट्टीत खोलीत बोलावले, पोते पालथे केले आणि काळ्या शाईची दौत पुढे ठेवली. दोघांनी मिळून प्रत्येक बुटाच्या जिभेवरचे नाव खोडून काढले. तीसेक जोड असतील. माझे नाव खोडायला त्यांनी मलाच दिले.

पण मित्राने त्या पोत्याला पुन्हा हात लावला नाही. सकाळी दुधाच्या पिशव्या टाकण्याचे काम धरून त्याने सहामाहीनंतर स्वतःचे बूट घेतले. तो रांगेत आला, माझ्याशी बोलतही राहिला. पण बाक मात्र बदलला. आज इतक्या वर्षांनी मी वर्गात मुलांना शब्दांचे सामर्थ्य वगैरे शिकवतो, तेव्हा ते चार शब्द मला आठवतात.

खेळाने सोडले, लोकांनी उचलले

तिकडे अमेरिकेत ऑल स्टारचे काय झाले? २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले, तो विक्रम आजही उभा आहे. तेव्हा त्याच्या पायांत हेच कॅनव्हासचे बूट होते. पण हे या बुटाचे मैदानावरचे शेवटचे वैभव. १९६९ च्या सुमारास आदिदासने चामड्याचा बास्केटबॉलचा बूट आणला. तो पायाला अधिक आधार देई. दहा-बारा वर्षांत कॅनव्हास व्यावसायिक मैदानावरून हद्दपार झाले.

मग आला मायकेल जॉर्डन. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो कॉन्व्हर्सचेच बूट घालून खेळला होता. त्याच वर्षी नाइकी कंपनीने त्याच्याशी करार केला आणि १९८५ साली ६५ डॉलर किमतीचा 'एअर जॉर्डन' बाजारात आला. त्यापूर्वी त्याच्या तांबड्या-काळ्या बुटांना व्यावसायिक संघटनेने हरकत घेतली होती. हरकतीचे पत्र बहुधा त्याच रंगाच्या दुसऱ्याच एका बुटासाठी होते. पण कंपनीने 'बंदी घातलेला बूट' अशी जाहिरात केली आणि बंदी म्हटल्यावर कोणते पोर मागे राहील? चक टेलरला नावाचा पगार मिळाला, जॉर्डनला प्रत्येक जोडीमागे वाटा. बुटावरचे नाव हीच मोठी मालमत्ता झाली ती तेव्हापासून.

कॉन्व्हर्सचे २००१ साली दिवाळे वाजले. अमेरिकेतला कारखाना बंद पडला. आणि २००३ साली कंपनी विकत घेतली ती नाइकीनेच, साडेतीस कोटी डॉलर मोजून. ज्याने मैदानाबाहेर काढले त्यानेच घरात घेतले!

तरी बूट मेला नाही. खेळाडूंनी टाकलेला हा बूट गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांनी उचलला, चित्रकारांनी उचलला, कॉलेजातल्या मुलींनी उचलला. का उचलला? याचे उत्तर मला माझ्याच वर्गात दिसते. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत पाहत गेलो तर दहा-बारा जोड तरी या घाटाचे सापडतात. एकीने त्यावर शाईने वेली काढल्या आहेत, एकाने नाड्या दोन रंगांच्या ओवल्या आहेत, एकाने आवडत्या कवितेची ओळ तळाच्या पट्टीवर लिहिली आहे. कुणाचा मूळचा, कुणाचा स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडची 'फर्स्ट कॉपी'. पाच पावलांवरून दोन्ही सारखेच दिसतात. एअर जॉर्डन पाहिला की जॉर्डन आठवतो. कॅनव्हासचा बूट पाहिला की कुणीच आठवत नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. चार हात कापड आणि वितभर रबर. त्यात ज्याचा पाय जातो, त्याचाच तो होतो. झिजतो तोही आपल्या चालीप्रमाणे झिजतो. शंभर वर्षांत त्याचा घाट फारसा बदलला नाही, कारण बदलण्यासारखे त्यात फारसे नव्हतेच.

मोल आहे ते नावाचे. तोच घाट, तेच कापड. सहीची चकती असली की हजारांत, नसली की शेकड्यांत. आणि दुसऱ्याचे नाव असले तर अनवाणी उभे राहणे बरे.

कन्येचे जुने बूट

ऑक्टोबर १९१९ मध्ये नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला, अमेरिकेच्या एन. बी. ए. चे दोन संघ वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये खेळले. इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला सामना सुमारे तीन हजार शाळकरी मुलांसाठी राखला होता, आणि पेसर्सनी तो जादा वेळेत १३२–१३१ असा एका गुणाने जिंकला. हरलेल्या किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, जुहूला वाढलेले. २०१३ साली त्यांनी तो संघ घेतला. आमच्या उपनगरातला मुलगा अमेरिकेतल्या संघाचा धनी होऊन परत येतो आणि शाळकरी पोरे तो खेळ फुकट पाहतात, ही गोष्ट मला बरी वाटली. या पोरांना बूट रांगेसाठी नव्हे, खेळासाठी हवा आहे.

माझ्या कन्येलाही तो खेळासाठीच हवा, अशी माझी समजूत होती. पण तिच्या प्रशिक्षकांनी स्वच्छ सांगितले, की कॅनव्हास घालून कोर्टावर यायचे नाही, गुडघे आणि घोटे दुखावतील. म्हणजे ज्या खेळाने हा बूट घडवला, त्या खेळातच आता त्याला मज्जाव! नवा जोड तिने दिवाळीत कुर्त्याखाली घालायला घेतला आहे. खेळायचे वेगळे आहेत. आणि पहिल्या वर्षी, प्रशिक्षकांचे ऐकण्यापूर्वी, जे साधे पांढरे कॅनव्हास घालून ती खेळायला लागली होती, ते आता लहान झाले आहेत. तिच्या मैदानावरही प्रशिक्षकांनी एक खोके ठेवले आहे. नव्या मुली पहिले काही दिवस त्यातले बूट घालून नुसता चेंडू आपटायला शिकतात.

ती जुना जोड पिशवीत भरीत होती. मी जीभ उलटून पाहिली. जाड मार्करने, ठसठशीत, तिचे नाव.

मी तिला १९९१ ची गोष्ट सांगितली. आजवर घरात कुणालाच सांगितली नव्हती. ती ऐकून गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, नंतर तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?"

"नाही."

"का?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, अजून नाही. आम्ही स्पिरिट आणले, कापसाने घासले. मार्करची शाई पसरली, पण गेली नाही. नाव फिकट होऊन तिथेच राहिले. वर काळी शाई फासली असती, पण पांढऱ्या बुटाच्या जिभेवरचा काळा डाग तर ओरडून सांगतो, की इथे कुणाचे तरी नाव होते. तीस जोडांवर सरांनी आणि मी तेच करून ठेवले होते, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

मातोश्री इतका वेळ ऐकत होत्या. त्या उठल्या, माझ्या टेबलावरच्या डबीतून खडू काढला, वाटीत पाणी घेतले आणि बूट मांडीवर ओढला. दोन हात फिरवले, वाळू दिला, आणखी एक हात फिरवला. नाव दिसेनासे झाले.

"तुला म्हटलं होतं ना," त्या नातीला म्हणाल्या, "खडूच लावायचा."

कन्येने दुसरा बूट उचलला आणि आजीच्या शेजारी बसून त्याच्या जिभेवर खडू घासू लागली.